पहिल्या चौकटीतलं पाकीट

"पाकीट आणलंत ना, वहिनी?" फोल्कर्टनं विचारलं, तशी गेस्केनं पर्स आणखीनच घट्ट धरली.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये टेबलं मांडून झाली होती. जर्मनीतल्या अख्ख्या पूर्व फ्रिसलंडमधली, पोस्टाच्या तिकिटांचं वेड असलेली मंडळी सकाळपासून जमली होती. कुणी अल्बम मांडत होतं, कुणी भिंगं पुसत होतं, आणि चहाच्या किटलीपाशी खडीसाखर संपली म्हणून आत्ताच कुरकुर सुरू झाली होती. लोकांना आत सोडायला थोडाच अवकाश होता, आणि दाराशेजारच्या पहिल्या काचेच्या चौकटीत एक जागा अजून रिकामी होती. ती गेस्केच्या नवऱ्याची, ऑनोची.

ही पहिली चौकट म्हणजे तिकीटप्रेमींच्या मंडळाचं देवघरच म्हणा. महायुद्ध संपल्यावर पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा जुन्या चिटणिसांना आमंत्रण धाडलं होतं. ते बिचारे आधीच गेलेले. पाकीट 'वारले' अशी चिठ्ठी लावून परत आलं, ते फेकायचा कुणाला धीर होईना, म्हणून चौकटीत लावलं. तीच पुढे रीत झाली. सभासद गेला की मंडळ त्याच्या नावानं, त्याच्याच घरी एक पाकीट टाकतं. घरच्यांनी ते घ्यायचं नाही. पोस्टमनला सांगायचं, ते वारले. मग पाकीट परत येतं आणि त्या माणसाला चौकटीत कायमची जागा मिळते. ऑनोनं दुसऱ्यांची अशी कितीतरी पाकिटं आपल्या हातानं लावली होती. आपलंही तिथं लागावं, याहून त्याला मेल्यावर काही नको होतं.

गेस्केनं पाकीट काढून दिलं. फोल्कर्ट हल्लीचा चिटणीस. त्यानं ते भिंगाखाली धरलं, उलटंसुलटं केलं. तिकीट होतं, शिक्का होता. परतीची चिठ्ठी तेवढी नव्हती.

"वहिनी, हे तर पोचलेलं पाकीट आहे."

"हो. मी घेतलं ते."

फोल्कर्ट माणूस वाईट नव्हता, पण नियमापुढे त्याला सख्खा भाऊ दिसत नसे. आवाज खाली आणून त्यानं समजावलं, की या चौकटीत परत आलेलंच पाकीट लागतं, आज ऑनोसाठी सवलत दिली तर उद्या कुणाकुणाला द्यायची. तिच्यावर रागावणं जमेना म्हणून मग त्यानं आपला राग हब्बोवर काढला. हब्बो गावचा पोस्टमन. प्रदर्शनाचा खास शिक्का घेऊन तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता.

"दिलंसच कसं रे तू? शेजारी ना त्यांचा? पेटीला खांदा दिलास तू ऑनोच्या."

हब्बोच्या कानापर्यंत लाली चढली. "काकूंनी हात पुढे केला. म्हणाल्या, ऑनो मागे बागेत आहे, दे इकडे." त्यानं शिक्का उगाच पुढे-मागे सरकवला. "मग मी काय करणार होतो?"

आजूबाजूच्या माना वळल्या. गेस्केला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला वेड लागलं नव्हतं. ऑनोचे सदरे तिनंच धुऊन, घड्या घालून चर्चला देऊन टाकले होते. पण त्या दिवशी हब्बो रोजच्यासारखाच दारात उभा होता, रोजच्यासारखाच 'मोइन' असा नमस्कार त्यानं केला होता, आणि त्याच्यापुढे तो एक शब्द उच्चारायला तिची जीभच रेटेना.

फोल्कर्टनं तोड काढली. परतीच्या चिठ्ठ्या हब्बोकडे होत्याच, तेव्हा त्यानं एक इथंच चिकटवावी, 'वारले'समोर खूण करावी, की झालं काम. हब्बोनं नकारार्थी मान हलवली. घरच्या माणसानं सांगितल्याशिवाय तो खूण करत नसे, आजही करणार नव्हता. पण चिठ्ठी त्यानं पाकिटावर चिकटवली, आणि पेन गेस्केपुढे सरकवलं.

"काकू, तुम्हीच करा खूण. बोलायला नको की काही नको."

गेस्केनं चष्मा लावला. कारणं एकाखाली एक छापलेली होती. घेण्यास नकार. पत्ता अपुरा. वारले. दुसरीकडे राहायला गेले, नवा पत्ता माहीत नाही. तिनं सगळी वाचली. पेन 'वारले'वर येऊन बराच वेळ थांबलं. मग ते आणखी खाली उतरलं, आणि शेवटच्या कारणासमोर तिनं ठसठशीत खूण केली.

"अहो वहिनी, चुकलं!" फोल्कर्ट म्हणाला. "असलं पाकीट आजवर एकही नाही या चौकटीत. आणि दर रविवारी कबरीवर जाता ना तुम्ही?"

"जाते की. खूप बोलतेही त्याच्याशी. तिथं असता तर एवढं ऐकून गप्प बसला असता का तो, भाऊजी?"

गेस्के हब्बोकडे वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"खांदा तू दिलास, बाबा. गावातलं घर न् घर तुला ठाऊक. कुठं गेला तो, हे तुला माहीत असेल तर माझी खूण खोड, आणि तू लिही पत्ता."

हब्बोनं फोल्कर्टकडे पाहिलं. फोल्कर्टनं भिंग खिशात ठेवलं आणि चौकटीतल्या रिकाम्या जागेकडे पाहून होकारार्थी मान हलवली.

तेव्हा हब्बोनं शिक्का शाईच्या गादीवर दाबला, पाकीट सरळ केलं आणि जपून मारला. अर्धा चिठ्ठीवर, अर्धा पाकिटावर.