पायरी न चढलेला आमदार

या, असे जवळ सरकून बसा. टाळ घटकाभर मांडीवरच राहू द्या. कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यान लावतात ना, तसंच आज एक सांगतो. पण ते कुण्या राजाचं नाही. आपल्या नागपुरातल्या एका आमदाराचं आहे.

देवाजीभाऊ टेकडीच्या गणपतीच्या पहिल्या पायरीशी थांबले, ते थांबलेच.

"चला ना गा भाऊ," चंद्रभान म्हणाला. "सारे आत उभे आहेत."

"तुमी जा. मी येत नाही."

आणीबाणी उठून दीड-दोन वर्षं झाली होती. पाच पक्षांची मोट बांधून सरकार उभं राहिलं होतं. त्यात कुणी मराठी बोले, कुणी हिंदी, कुणी उर्दू. एकमेकांचं ऐकून घेण्यातच निम्मा दिवस जाई. हिवाळी अधिवेशनाला सगळे नागपुरात आले आणि मोट सुटू लागली. दुसऱ्या दिवशी सभागृहात विश्वासदर्शक ठराव होता. कितीही वेळा मोजलं तरी सरकार एका मतानं वाचत होतं.

ते मत देवाजीभाऊंचं. जातीचे कोष्टी, मागावर बसून अभंग म्हणणारे. अपक्ष निवडून आले होते. पाठिंब्याच्या बदल्यात त्यांनी एकच मागितलं होतं, कुहीपल्याडच्या आपल्या गावाला दवाखाना. आघाडीनं तसं लिहून दिलं होतं. पलीकडचे लोक मात्र थेट मंत्रिपद घेऊन फिरत होते.

म्हणून आघाडीचे पुढारी गुलाबचंद यांनी तोड काढली. काठावरच्या प्रत्येकानं गणपतीपुढे नारळावर हात ठेवून शपथ घ्यायची. बाकीच्यांनी घेतली. देवाजीभाऊ खालीच.

गुलाबचंद स्वतः पायऱ्या उतरून आले.

"देवाजीभाई, देवासमोर यायला कसली डर?"

"डर नाही. मत तुमालेच देतो. पन आत नेऊ नका."

"मग शपथ घ्यायला काय जातं?"

देवाजीभाऊ रस्त्याकडे बघत राहिले. गुलाबचंदांचा चेहरा पडला.

आता चंद्रभानला राहवेना. तो आघाडीचा कार्यकर्ता; आमदार निवासात देवाजीभाऊंवर नजर ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं गुलाबचंदांना बाजूला घेतलं.

"काल सकाळी एक मानूस आला होता त्याइले भेटाले. जिन्यात पाच मिनिटं बोलले. मी इचारलं, कोन होता? तं म्हनते, गावचा. काय म्हने? तं म्हनते, काही नाही."

"मग?"

"मंग काय! सकाळची आंघोळ झाली होती, तरी परत जाऊन नळाखाली बसले. एवढ्या थंडीत! तवापासून ना धड जेवत, ना बोलत."

"बिकलाच म्हणायचा," गुलाबचंद हळूच म्हणाले.

संध्याकाळी आमदार निवासात नेहमीसारखी मंडळी जमली. रोज देवाजीभाऊ दोन अभंग म्हणत, मग जेवणं होत. देवाजीभाऊंचा आवाज असा, की उर्दू बोलणारे आमदारसुद्धा मान डोलवत. चंद्रभाननं चिपळ्या त्यांच्यापुढे धरल्या.

"आज नाही," देवाजीभाऊ म्हणाले.

"कालही नाही, आजही नाही! गळ्यात मंत्रिपद अडकलं का गा, भाऊ?"

मंडळी हसली. देवाजीभाऊही कसनुसं हसले.

"वहिनीनंच सांगतलं असन," चंद्रभान आणखी चढला. "लाल दिव्याच्या गाडीतच घरी या, नाही तं येऊ नका म्हनून. दवाखाना कोनाले पायजे?"

देवाजीभाऊंचं हसू मावळलं. "दवाखाना तिनंच मागाले लावला, चंद्रभान," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून सतरंजीवर आडवे झाले. चंद्रभाननं आपली खाट ओढून दाराला आडवी लावली.

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. चंद्रभान वरच्या गॅलरीत कठड्याला धरून बसला होता. पुकारा झाला तसे देवाजीभाऊ उठले. क्षणभर ते कुठल्या बाजूला वळतात ते कळेना. मग ते सावकाश चालत आघाडीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

सरकार एका मतानं वाचलं.

बाहेर गुलाल उडाला, ताशा वाजला. गुलाबचंदांचे डोळे भरून आले. हात पसरून ते पुढे झाले, पण देवाजीभाऊ दोन पावलं मागे सरले.

"माफ करा भाई, मी शंका घेतली," गुलाबचंद म्हणाले. "आठ दिवसांत दवाखान्याचा हुकूम काढतो. हा माझा शब्द. आता तरी टेकडीवर चला. पेढे देवापुढे ठेवू."

"आठ दिवसांनी येतो ना. आता मले कुहीची मोटार गाठून द्या."

"आता काहून नाही गा?" चंद्रभान चिडलाच. "आठ दिवसांनी कोनता मुहूर्त हाय?"

"मुहूर्त नाही, बाबू. सुतक हाय." देवाजीभाऊंनी खांद्यावरचा पंचा नीट केला. "शनिवारी तुह्या वहिनीच्या, कौसल्येच्या पोटात कळ उठली. बैलबंडीत घालून तिले इकडंच आनून राहिले होते. अर्ध्या वाटेत गेली. पोरानं अग्नी देल्ला, मंग माह्या साळ्याले धाडलं सांगाले."

ताशा वाजतच होता. चंद्रभाननं कपाळावरचा गुलाल पुसला.

"आमाले सांगतलं काहून नाही, भाऊ?"

"सांगतलं असतं तं तुमीच मले गावाले धाडलं असतं."

मंडळी, आज आरतीला उभे राहाल तेव्हा घटकाभर त्या कौसल्याबाईला आठवा.