नाजूक हृदयाचे इस्माईलभाई

भिगवणचे मासळीचे व्यापारी इस्माईलभाई यांचं हृदय अत्यंत नाजूक आहे, हे त्यांच्या घरात नऊ वर्षं निर्विवाद सत्य होतं. जेवणानंतर त्यांनी छातीवर हात ठेवला की कुठलाही वाद तिथंच मिटायचा.

एके दिवशी छातीतली कळ थांबेचना, तेव्हा त्यांना बारामतीच्या दवाखान्यात नेलं. तिथं स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. जठर छातीत चढलंय आणि त्याला पीळ बसलाय. आज ऑपरेशन केलं नाही तर सडेल."

"करा की. पण घरी हृदयाचंच सांगा, डॉक्टरसाहेब."

"का?"

"पोटाच्या दुखण्याला घरात कोण भितंय?"

डॉक्टरांनी संमतीपत्र पुढं धरलं. त्यावर बायकोची, गौहरची, सही होती. तिनं सगळं दोनदा समजून घेतलं होतं आणि घरच्या मंडळींना घेऊन ती खाली वडापाव खायला गेली होती.