फळ्यांमागचा मालक

"स्वतंत्र माणसाला या जगात कोणी कोंडू शकत नाही!" भिवाजी ठोंबरे म्हणाला. तिसऱ्या आणि चौथ्या फळीच्या फटीतून म्हणाला, कारण दुकानाला बाहेरून कुलूप होतं.

बाहेर कर्जतच्या पेठेत एप्रिलचं ऊन पडलं होतं आणि उन्हात पोशीरचा सखा उभा होता. मुंबईच्या गोऱ्या कंपनीत ह्या दोघांची स्टुलं शेजारी शेजारी होती. सखाचं अजून होतं. देशाचं स्वातंत्र्य तेव्हा दिल्लीत कागदोपत्री अडकलं होतं; भिवाजीनं आपलं शिमग्याच्या आधीच उरकून घेतलं होतं.

"मग हे कुलूप कसलं रं?" सखानं विचारलं.

"हिरूशेठ जेवाया गेलाय."

"तू आत असताना?"

"धंद्याची रीत हाय ती. तुला नाय कळायची."

रीत सरळ होती. तांदळाचे व्यापारी हिरूशेठ दोन गोष्टी पाळत. दुपारी दुकान उघडं टाकायचं नाही, आणि अर्ध्या बेरजेवरून माणूस उठू द्यायचा नाही. तो उठला की लक्ष्मीही उठते. कुलूप लावलं की दोन्ही पाळलं जाई. शिवाय जेवणानंतर शेठ वामकुक्षीही पाळत.

शेठनी दुकानाचा कोपरा भिवाजीला कचेरी म्हणून फुकट दिला होता. 'भिवाजी ठोंबरे, हिशेबनीस, स्वतंत्र व्यवसाय' ही पाटीही त्यांनीच रंगवून दिली. फळ्या लावल्या की ती आत जाई. आत्ता ती भिवाजीच्या पाठीशी, कोंड्याच्या पोत्यांना टेकून उभी होती. तेलवाल्याची कीर्द, कापडवाल्याची खतावणी, सगळं इथंच येई. पूर्वी एक साहेब होता, आता पेठ होती.

"हेडक्लार्कनं निरोप दिलाय," सखा फटीजवळ सरकला. "तुजं स्टूल अजून रिकामं हाय. उद्या सकाळी मला हो का नाय ते सांगायचंय. परवा दुसरा माणूस बसवणार."

भिवाजीच्या डोळ्यांपुढं स्टूल आलं नाही; हेडक्लार्कच्या टेबलाशेजारचा खिळा आला. त्या खिळ्याला पितळेचा एक बिल्ला टांगलेला असे. अख्ख्या हॉलला एकच. लघवीला मोरीकडं जायचं तर सगळ्यांदेखत चालत जायचं, तो काढायचा, "लगेच आलो, साहेब" म्हणायचं आणि पळायचं. त्या दिवशी हेडक्लार्क चष्म्यावरून बघत मोठ्यानं म्हणाला होता, "पुन्हा?" हॉल हसला. भिवाजीनं बिल्ला टेबलावर आपटला आणि तसाच बाहेर पडला. मोरीकडं नव्हे, थेट बोरीबंदरला.

"काय सांगू?" सखानं विचारलं.

"घरी येसू भेटली का तुला?"

"वैनी म्हणाल्या, ते मालक हाईत आता, त्यांनाच इचारा."

हे येसूबाईनं कोणत्या सुरात म्हटलं असेल ते भिवाजीला फळीतूनही ऐकू आलं. त्यानं मांडीवरून मांडी बदलली. सकाळपासून उकाड्यानं तो कोपऱ्यातलं पाण्याचं मडकं अर्धं करून बसला होता.

"सांग त्यांना," तो म्हणाला, आणि आवाज मुंबईतल्या सभेसारखा चढला, "की भिवाजी ठोंबरे पुन्हा कुणापुढे हात पसरणार नाही! ते स्टूल आणि तो बिल्ला, दोन्ही तुमचं तुम्हाला लखलाभ!"

सखाच्या डोळ्यांत पाणी आलं. घाम असेल, पण फटीतून पाणीच दिसलं.

"भिवा, तू वाघ हायस वाघ. उद्या मी बी बिल्ला आपटतो बघ. पाटी रंगवून ठेव माजी."

"घाई नको करू," भिवाजी जरा चटकन म्हणाला.

पण सखा निघालाही होता. ताठ मानेनं, भर उन्हात, स्टेशनच्या दिशेनं. त्याची पावलं लांब जाऊ लागली तसा भिवाजी गुडघ्यांवर आला आणि त्यानं तोंड फटीला लावलं.

"सखा! अरं सखा, थांब की जरा!"

सखा वळला.

"वाटेत हिरूशेठचं घर लागंल. निळं दार." भिवाजीचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "त्यांना उठीव आन् म्हणावं, जरा चावी पाठवा. मोरीकडं जायचंय." मग, सखा पुन्हा चालू लागायच्या आत, घाईघाईनं: "आन् म्हणावं, लगेच आलो."