सहावीतला पहिला नंबर

“कसायाची पोर होसय नापास झाली, मोअल्लिम साहेब! जिला दोन अंकी वजाबाकी येत नाही, ती बया आणखी एक वर्ष शाळेत येणार. आणि माझी शकेबा पहिली? असं काय घोडं मारलं होतं आम्ही तुमचं?”

कंदीगुलने निकालाचा कागद वर्गशिक्षिका लतीफाबाईंच्या टेबलावर आपटला. शकेबा दारापाशी बुटांकडे बघत उभी होती.

सहावी पास झालेल्या मुलीला काबूलमध्ये आता पुढे शाळा नाही. पास झाली की घर. म्हणून शहाण्या आया मुलींना नापास व्हायला सांगतात. गेल्या वर्षी शकेबाने एकूण एक उत्तर चुकवलं होतं. सगळं येत असल्याशिवाय इतकं नेमकं चुकवता येत नाही. तो पेपर तपासताना लतीफाबाई रडल्या होत्या.

कंदीगुलची स्वतःची शाळा तालिबानच्या पहिल्या राजवटीत तिसरीतच सुटली. तिच्या आईची त्याही आधी, रशियन फौजा आल्या त्या वर्षी. घरात सहावीपर्यंत पोचलेली ही पहिलीच.

लतीफाबाईंनी उठून दार लावलं. खणातून कोरा पेपर काढला. हे कुणाला कळलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती.

“निकाल उद्या वर जाईल. जुना पेपर मी शेगडीत टाकते. बस बेटा, चुकव.”

शकेबा बसली. पहिलं उत्तर चुकवलं, दुसरं चुकवलं. तिसऱ्याला तिने पेन खाली ठेवलं.

“थांबलीस का गं?” कंदीगुलचा आवाज चिरकला. “उद्यापासून तुझे काका तुला गालिच्याच्या मागावर बसवतील. मग जन्मभर गाठी मारत बस! लिही माझे आई, मन लावून चुकव.”

शकेबाने पेपर आईकडे सरकवला. तिला रडू आवरत नव्हतं.

“मादर, मी दहा वेळा नापास झाले तरी मला सातवीचं पुस्तक कुणी देणार नाहीये. मग निदान सहावी तरी पास होऊ दे ना गं मला.”