ठसका नसलेली मिश्री

जुने वास पुन्हा बनवून देणाऱ्या गंधशाळेच्या काचेच्या खोलीत शर्वरीबाई डोळे मिटून बसल्या होत्या. यंत्राने आधी सारवलेल्या जमिनीचा वास सोडला, मग तापलेल्या तव्याचा, मग त्यावर भाजल्या जाणाऱ्या तंबाखूचा. माहेरचं स्वयंपाकघर हळूहळू त्यांच्याभोवती उभं राहिलं. चुलीपुढे आई पाठमोरी बसून दातांना लावायची मिश्री भाजत होती. पण काही केल्या ती वळेना.

"ठसका कुठाय?" त्यांनी विचारलं. "आई मिश्री भाजायला बसली की अख्खं घर खोकायचं."

गंधशाळा चालवणारे आरेकर काचेपलीकडून अवघडून म्हणाले, "बाई, रेणूची नुसती रचना बघून संगणक ओळखतो, पुढे कॅन्सर कशाने होईल ते. तसले रेणू तो बनवतच नाही. त्यांच्या जागी साधे घालतो."

"या वयात मला आता काय व्हायचंय? खरे घाला."

"ते माझ्या हातात नाही."

शर्वरीबाईंना आईचं दुखणं आठवलं. शेवटच्या वर्षी आई सतत गालावर पदर धरून बसायची. तोंड उघडता येत नव्हतं, म्हणून खुणेने बोलायची. हे कशामुळे झालं, ते घरात कुणालाच उमगलं नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आहे तोच वास पुन्हा सोडा."

तवा पुन्हा तापला. या खेपेला त्यांनी ठसक्याची वाट पाहिली नाही. धूर वर चढला, तशी चुलीपुढची आई सावकाश वळली. पदर गालावर नव्हता, डोक्यावर होता आणि दोन्ही गाल पूर्वीसारखे निरोगी, भरलेले होते.

"ये, बस," ती अगदी स्पष्ट म्हणाली.