काळदंशाचं लहानपण

जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज आला आणि घरातला टीव्ही बंद झाला.

त्याने दार ढकललं. लेक सोफ्यामागे पळाली होती. वेणी तेवढी दिसत होती. सहा वर्षांची पोर, पण घरात इतकी चिडीचूप वावरायची की तिचं नावच मुंगी पडलं होतं.

"बाहेर ये गं. बाबा आहे मी, काळदंश नाही!"

वेणी हलली नाही.

मालिकेत तो काळदंश व्हायचा. भल्याभल्या वीरांची हाडं मोडणारा, शहरंच्या शहरं जाळणारा खलनायक. रस्त्यात लोक हसत हसत त्याच्याबरोबर फोटो काढत. पोटच्या पोरीची मात्र त्याला पाहिलं की पाचावर धारण बसायची. तो जेवायला बसला की तिचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. त्याने पाण्याच्या पेल्याकडे हात नेला तरी ती डोळे घट्ट मिटून घ्यायची.

"त्या मुखवट्याचा धसका घेतलाय पोरीने," तो सेटवर सांगायचा. ऐकणारे हळहळायचे.

बायकोही हल्ली अबोल झाली होती. कुठे जायचं नसलं तरी त्याच्या मेकअपच्या डब्यातला रंग तोंडाला लावून बसायची. "नटाची बायको शोभतेस हो!" तो थट्टा करायचा. ती आधी त्याचा चेहरा बघायची, मग हसायची.

आज स्वारी खुशीत होती. आज काळदंशाच्या बालपणाचा भाग दाखवणार होते. मालिकेच्या लेखिकेने त्या राक्षसाला माणसात आणलं होतं. हे पाहिलं की पोरीची भीती जाईल, याची त्याला खात्री होती.

त्याने मुंगीला उचलून शेजारी बसवलं. तिचं अंग लाकडासारखं ताठ झालं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

पडद्यावर एक पोरगा पलंगाखाली लपला होता. बापाची पावलं जवळ येत होती. हुंदका फुटू नये म्हणून पोरगा दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरत होता.

मुंगी पुढे सरकली. तिचे डोळे टक्क उघडे होते.

"बघितलंस?" तो म्हणाला. "जन्मतः वाईट नव्हता तो. बिचारा भेदरलेला होता."

"मग?"

तिने आपणहून विचारलं होतं! त्याला भरून आलं.

"मग एक दिवस त्याच्या अंगात शक्ती आली. त्याची भीती कुठल्या कुठे पळाली. उलट सगळं जग त्याला घाबरायला लागलं."

"आणि त्याचे बाबा?"

"त्यांना तर त्याने सगळ्यात आधी संपवलं. उद्या दाखवतील. खोटं असतं गं ते, घाबरायचं नाही."

मुंगी विचारात पडली. मग गुडघ्यांवर उभी राहून त्याच्या अगदी कानाशी आली. इतक्या जवळ ती कधीच आली नव्हती. तिने दाराकडे पाहिलं. आईने तिला गप्प केलं नाही.

"बाबा," तिने हळूच विचारलं, "ती शक्ती कितव्या वर्षी येते?"