ओलं सिमेंट

कॉन्ट्रॅक्टरचं "उद्या नक्की, वहिनी" ऐकून माझे कान किटले होते. बाथरूम फोडून ठेवून तीन आठवडे झाले, पण त्याचा एक माणूस इकडे फिरकेल तर शपथ.

म्हणून सोमवारी दुपारी बाथरूममधून थापीचा आवाज आला, तेव्हा मला हायसंच वाटलं. धावत गेले. आत कोणी नव्हतं. फक्त खिडकी विटांनी बुजवलेली होती, आणि सिमेंट ओलं होतं.

मी फोन लावला.

"माझी माणसं दुसऱ्या साइटवर आहेत, वहिनी. आणि खिडकी कशाला बुजवू मी?"

मंगळवारी स्वयंपाकघराची खिडकी गेली. बुधवारी उरलेल्या सगळ्या. नवरा बोटीवर, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना टाकून मी कुठे जाणार? भर दुपारी दिवे लावून बसलो.

"हात सुबक आहे हो त्याचा," सासूबाई म्हणाल्या. "फक्त बोलत नाही."

"कोणाचा, आई?"

त्यांनी कूस बदलली.

आज मी फोनवरच कॉन्ट्रॅक्टरच्या हातापाया पडले. "भाऊ, असाल तसे या हो!"

आणि नवल म्हणजे, तो अर्ध्या तासात आला. जिन्यात त्याच्या चपला वाजल्या तशी मी कडी काढायला धावले. तेवढ्यात फोन वाजला.

"वहिनी, वर आलोय. पण तुमचं दार कुठंय?"

मी दार आत ओढलं. समोर विटा होत्या, खालपासून वरपर्यंत.

आणि माझ्या मागे, सासूबाईंच्या खोलीच्या दाराशी, थापी वाजायला लागली.